हिरव्या टोपीचा दिवा

ऐका. आणि लाइट गेली म्हणून कुरकुरू नका. ही गोष्ट अंधारातच सांगायची असते. जवळ सरकून बसा. नको? बरं, नंतर आपोआप सरकाल. दाराशी कोण आलं? अंधारात ओळख पटेना. या, या आत, बसा टेकून.

तर आमचा सुभाना चुलता. माझ्या बापाचा धाकटा भाऊ. आडदांड गडी. सुभाना स्मशानात बसून भाकरी खाईल आणि वर कांदा मागेल, असं गाव म्हणायचं. त्याची बायको हौसा. तिला दोनदा दिवस गेले आणि दोनदा ओटी रिकामीच राहिली. हे तिसरं. या खेपेला काही वेडंवाकडं झालं असतं तर हौसाकाकू हाती लागली नसती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं एवढंच.

त्या दिवशी तिन्हीसांजेला तिचं पोट दुखायला लागलं, आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. माझी आजी बनाबाई म्हणाली, सुभाना, मुरूमवस्तीवर जा, ठकूबाई सुईणीला घेऊन ये. पण बांधावरच्या गाडीवाटेनं जा, जुन्या शाळेकडनं जाऊ नको. सुभानानं मान डोलावली. आईला आपण सगळेच डोलावतो तशी. बाहेर पडला आणि कंदील घेऊन सरळ शाळेची वाट धरली. जवळची ना!

आता ती शाळा कशी, ते ऐका. मी स्वतः तिथं चौथीपर्यंत मार खाल्लाय. एकच लांबलचक खोली, वर कौलं, आणि आढ्याला कापडी वायरीनं टांगलेले सात दिवे. दिव्यांवर हिरव्या पत्र्याच्या टोप्या, आतून पांढऱ्याशुभ्र. अख्ख्या गावात वीज नव्हती तेव्हा त्या शाळेत आली. दाराशी एक काळं गोल बटण होतं. मास्तर ते दाबायचे. खट्ट! सातही दिवे लागायचे आणि आम्ही पोरं उभी राहून हात जोडायचो. घरी दिवेलागणीला जोडतात तसेच. भर दुपारी लागले तरी जोडायचो. मास्तर हसायचे, पण तेही जोडायचे बरं का.

मग रस्त्याला स्लॅबची नवी शाळा झाली. बाकं गेली, फळा गेला, बल्ब गेले. खांबावरची तारसुद्धा सोडून नेली. कौलं आपल्याच लोकांनी नेली, रात्रीची, दोन-दोन चार-चार. कुणाच्या गोठ्यावर आहेत ते मी सांगत नाही, इथंच बसलेत काही जण. वासे वाळवीनं खाल्ले. राहिलं ते आढं, आणि त्याला हिरव्या टोप्या, कारण त्यांचे स्क्रू गंजले होते. त्यांत चिमण्यांनी घरटी केली.

आणि एका थंडीत तिथं ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई उतरली. भरल्या दिवसांची. रात्री तिला कळा लागल्या. तिचा नवरा गावात आला, दिवा द्या म्हणाला, सुईण द्या म्हणाला. आपले लोक म्हणाले, उजाडू दे. उजाडलं तेव्हा बाई नव्हती आणि बाळही नव्हतं. काळोखात गेली बिचारी. तिचं नावसुद्धा कुणी विचारलं नाही. पाप झालं ते, आपल्या गावाचं पाप. मी उघड म्हणतो.

हं. तर सुभाना शाळेपाशी आला आणि कंदील विझला. वारा नाही, काही नाही. हलवून बघितला, तेल आहे! आणि एवढ्यात शाळेतनं कण्हण्याचा आवाज आला. हुबेहूब हौसासारखा. तोच सूर, तोच मधे अडकलेला श्वास. सुभानाला वाटलं, ही इथं कशी? धावत दारात गेला. आत मिट्ट काळोख. आणि काळोखातनं कुणी म्हणालं,

"दादा, दिवा लावा की."

सुभानाही त्याच शाळेत शिकलेला. हात आपोआप भिंतीकडं गेला. काळं बटण बोटाला लागलं. दाबलं. खट्ट!

आणि दिवा लागला!

पार टोकाचा, सातवा. सवयीनं सुभानानं हात जोडले. हात जोडले की डोळे मिटतात. उघडले, तर सातव्या दिव्याखाली एक बाई बसलेली. भिंतीला टेकून. केस मोकळे, दोन्ही हात पदराखाली. दिवा लागला होता आणि तिनं हात जोडले नव्हते! अरे, आपल्यात तान्ह्या पोराचेसुद्धा हात धरून जोडवतात. पाहुणा जोडतो, भांडण चाललेलं असलं तरी थांबून जोडतात. ही का जोडत नाही? आणि मग त्याला आठवलं. तार तर कधीच सोडून नेली! त्यानं वर बघितलं. टोपीत बल्ब नव्हता. चिमणीचं घरटं होतं, आणि उजेड त्या काड्यांमधनं खाली पडत होता.

खट्ट. सहावा लागला. बटणाला कुणाचा हात नाही. बाई सहाव्याखाली.

खट्ट. पाचवा. बाई पाचव्याखाली. उठली नाही, चालली नाही. बसल्या जागेवरनं बसल्या जागी. चौथा, तिसरा, दुसरा. सुभानाचे पाय जमिनीला चिकटले होते. खट्ट! डोक्यावरचा लागला, आणि ती त्याच्या पायाशी. वर बघून म्हणाली,

"सुईण आणाया निघालास? माझ्यासाठी कुणी आलं न्हाई."

पाय सुटले आणि सुभाना पळाला. कंदील तिथंच, वहाणा तिथंच. स्मशानात कांदा मागणारा गडी, पण ओढ्यापर्यंत मागं वळून बघायची छाती झाली नाही.

ओढ्यावर समोरनं कोण यावं? ठकूबाई सुईण! काखेत गाठोडं, डोक्यावरनं पदर. सुभानाला रडूच फुटलं. ती म्हणाली, ठाऊक आहे मला, हौसाचं दुखतंय, चल लवकर. आता तुम्हीच सांगा, तिला कुणी कळवलं? बिनकंदिलाची एकटी म्हातारी ओढ्यात कशाला उतरेल? पण माणूस हादरला की अक्कल गहाण पडते. हा पुढं, ती मागं. गाडीवाटेनं घरी आणली. स्वतःच्या पायांनी चालवत आणली हो!

घरात हौसाकाकू शेवटच्या कळा देत होती. दारात आजी रॉकेलची चिमणी घेऊन उभी. सुभाना उंबऱ्याच्या आत आला. ठकूबाई बाहेरच थांबली. म्हणाली,

"बनाबाई, आत ये म्हण की."

आजीनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात लाइट आली. आजीनं चिमणी खाली ठेवून हात जोडले. शेजारणींनी जोडले. सुभानानं जोडले. आणि त्याची नजर उंबऱ्याबाहेर गेली.

ठकूबाईचे हात पदराखाली होते.

सुभानानं आईच्या तोंडावर हात दाबला. आणि ठकूबाईला म्हणाला,

"आधी दिव्याला हात जोड."

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग हळूच पदराखालनं हात काढले आणि जोडले. जोडले, पण तळवे बाहेर! मनगटापासनं हात उलटे. हाताच्या पाठी एकमेकींना टेकलेल्या आणि तळवे दोन्हीकडं उघडे. भुताचे पाय उलटे असतात हे ऐकलं होतं सुभानानं. हातांचं कुणी सांगितलंच नव्हतं!

फट्! दिवा फुटला. सुभानानं दार लोटलं, कडी घातली, पाठ लावून उभा राहिला. बाहेरनं दाराला काही लागलं नाही. ढकललंसुद्धा नाही. नुसतं रडणं ऐकू येत होतं. आणि तेवढ्यात आतल्या खोलीत दुसरं रडणं उठलं. बारीक, खणखणीत. अंधारात, सुईणीवाचून, हौसाकाकू मोकळी झाली होती. मुलगी. बाळंतीण आणि मूल, दोघी धड. ही आपली वत्सला, पलीकडच्या आळीतली, तीच ती.

सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्यावर पत्र्याची हिरवी टोपी पालथी पडलेली. ठकूबाईला विचारलं. ती म्हणाली, मी रात्रभर घरात झोपले होते बाबा. आजीनं त्या दिवसापासनं रोज तिन्हीसांजेला शाळेच्या दारात एक पणती ठेवली, मरेपर्यंत. तिच्यामागं कुणी ठेवत नाही. म्हणून सांगतो, शाळेची वाट धरू नका. आणि अंधारात आलेल्याला, लाइट येऊन त्याचे हात दिसल्याबिगर, आत ये म्हणू नका.

ही बघा, आली लाइट! जोडा, जोडा हात सगळ्यांनी.

आणि पाहुणं, तुम्ही हो, दाराशी बसलेले. तुमचे हात कुठं आहेत?