गठ्ठे मी बांधले होते

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावर बसलेले आणि अजून खुर्ची शोधत असलेले मान्यवर, आणि चहा मिळेल या आशेने शेवटपर्यंत थांबणाऱ्या बंधुभगिनींनो,

तुम्हाला मी आठवत नसेन. निवडणुकीआधी आपण काय बोललो तेच ज्यांना नंतर आठवत नाही, त्यांना एका म्हातारीचा चेहरा कुठला आठवायला? तुम्ही आज ज्यांना निरोप देताय, त्या पक्षाच्या चिटणिसांची मी सासू. गुडघे तुमचा जिना चढू देत नाहीत आणि अक्षराशी माझी कधी ओळख झाली नाही. म्हणून मी सांगितलं, नातीनं लिहून घेतलं, तीच वाचते आहे. ती मध्येच अडखळली तर समजा, पुढचं वाक्य तुमच्याबद्दल आहे.

जावईबापूंनी एकतीस वर्षं हे कार्यालय उघडलं, झाडलं, बंद केलं. भूमिका तुम्ही बदलायचात, पाट्या ते बदलायचे. कधी कुरकुर केली नाही. माझ्या लेकीजवळ केली असेल, ते वेगळं.

या खेपेच्या निवडणुकीत प्रश्न रस्त्याचा. बाजार पाडून मोठा रस्ता करायचा की नाही? खालच्या बाजारातल्या दुकानदारांना तो नको, वरच्या वसाहतीतल्या गाडीवाल्यांना हवा. अध्यक्षमहाराज सभेत म्हणाले, "आमची भूमिका ठाम आहे." होतीच. दोन्हीकडे ठाम होती. बाजारासाठी पत्रक छापलं: एक वीट हलू देणार नाही. वसाहतीसाठी छापलं: रस्ता वर्षाच्या आत. कागद एकच, शाई एकच, वर अध्यक्षमहाराजांचा फोटोही तोच. हसूसुद्धा तेच हो.

गठ्ठे बांधायचं काम आमच्या घरी आलं. जावईबापू म्हणाले, "आई, डाव्या हाताचा ढीग बाजाराचा, त्याला लाल सुतळी. उजव्या हाताचा वसाहतीचा, त्याला पांढरी." एवढं काय अवघड? पण लेक चहा घेऊन आली आणि मी उठून ढिगांच्या पलीकडे उन्हाला बसले. ढीग तिथंच राहिले, हात मात्र माझ्याबरोबर आले.

दुसऱ्या दिवशी बाजारानं वाचलं, दुकानं पडणार. वसाहतीनं वाचलं, रस्ता होणार नाही. दोन्हीकडची माणसं जन्मात पहिल्यांदा एकत्र आली, तीही तुमच्याच पायऱ्यांवर. एकी घडवून आणू असं तुमचं वचन होतंच की.

निवडून कोण आला? तो समोरच्या पक्षाचा चष्मेवाला. तो दारोदार सांगत होता, "मला अजून नीट कळलेलं नाही, नकाशा बघून सांगतो." लोकांना वाटलं असेल, याला निदान तोंड एकच आहे.

मग तुमची चौकशी समिती बसली. पत्रकं दोन का, हे तिनं विचारलं नाही. गठ्ठे चुकले कसे, एवढंच विचारलं. कार्यालयाबाहेरच्या फलकावर लागलं: चिटणिसांच्या हलगर्जीपणामुळे पराभव. जावईबापूंना मी म्हटलं, "खरं सांगून का टाकत नाही?" तर म्हणाले, "या वयात तुमचं नाव फलकावर कशाला, आई?"

अहो, मला वाचता येत नाही. तिथं काय लागलंय त्यानं माझं काय बिघडणार आहे? त्यांच्या लेकीला वाचता येतं. ती रोज त्या फलकापुढून शाळेत जाते. आत्ता वाचते आहे ना, तीच.

इथं तिनं लेखणी थांबवली. म्हणाली, "आजी, हे तिथं वाचू?"

"वाच. आणि सावकाश वाच."

तर माझी एवढीच विनंती. आजच्या समारंभात तुम्ही त्यांना भिंतीवरचं घड्याळ देणार आहात म्हणे. ते राहू दे. फलकावरचा तो कागद तेवढा काढा आणि हा लावा. गठ्ठे मी बांधले होते. खाली माझा अंगठा आहे. जागा उरली तर पत्रकं दोन कुणी लिहिली तेही लिहा. उरणार नाही, ठाऊक आहे मला.

शांतपणे ऐकून घेतलंत, उपकार झाले. काही कमीजास्त बोलले असेन तर म्हातारीची जीभ म्हणून सोडून द्या. नातीबरोबर माझा डबा पाठवा. दात नाहीत, तेव्हा मऊ भात आणि वर काहीतरी पातळ. तिखट की गोड, ते एकदा काय ते ठरवा आणि तेच पाठवा.