दोन्ही हात बटणांवर

—नाही नाही, तिथं नको टेकूस, त्या गठ्ठ्यावरची शाई अजून ओली आहे, एकदा कपड्याला लागली की जन्मात निघत नाही. इकडे ये, माझ्यासमोर, या स्टुलावर. जरा डुगडुगतं, पण पाडत नाही कोणाला. हां, बस. माझा लेक येईलच, फोनवर आहे, एकदा फोन कानाला लागला की त्याला स्वतःची आईसुद्धा दिसत नाही. कागद तयार आहेत, तू फक्त सही करायचीस. सही येते ना? येणारच म्हणा. मला नाही येत. हसतेस काय, खरंच नाही येत — चाळीस वर्षं या बाइंडिंगखान्यात पानं दुमडतेय, ही पट्टी बघ, झिजून झिजून माझ्या बोटासारखी वाकडी झाली, माझ्या हातच्या पुस्तकांवर शिकून पोरं डॉक्टर झाली, आणि मला पान सुलटं की उलटं एवढंच कळतं, तेही आकडा कुठल्या कोपऱ्यात आहे त्यावरून. पण विसरत मात्र काही नाही. लिहून ठेवता येत नाही ना, मग सगळं डोक्यातच ठेवावं लागतं. कधी कधी वाटतं, थोडं सांडलं असतं तर बरं झालं असतं.

तुझी पोर ना? आत आहे, कापायच्या मशीनवर. त्या दाराच्या काचेतून बघ, वेणी दिसेल. दिसली? गुणी आहे हो. पहिल्या दिवशी आली तेव्हा कागदाची थप्पी अशी धरायची, जसं काही झोपलेलं बाळ उचलतेय. मी म्हटलं, अगं ठोक तिला, कडा जुळव, कागद काही रडत नाही. आज आठवा दिवस. आमच्याकडे अशीच रीत आहे — आठ दिवस हात बघायचा, मग शिकाऊ म्हणून कागद करायचा. दोन वर्षं शिकाऊ, मग दाखला, मग कुठल्याही छापखान्यात जा, खुर्ची देतील. तू केलंस ते बरोबरच केलंस. शाळा संपली, आता पुढं काय — नुसती वह्या भरत बसणार? त्यापेक्षा हातात काम आलं की ते कोणी काढून घेत नाही. म्हणजे... तसं काढून घेत नाही.

आधीची? कोण आधीची? कोणी सांगितलं तुला — बसथांब्यावर? लोकांना काय, थांब्यावर बस नाही आली की तोंड चालू. गेली ती. जमलं नाही तिला, गेली सोडून. मावशीकडे गेली, मावशीचं दुकान आहे म्हणे कसलंसं. लग्न ठरलं होतं बहुतेक. नाही, लग्न नाही, लग्न कसं ठरेल — अठराचीही नव्हती. मावशीकडेच. काय म्हणाले मी मघाशी? जमलं नाही म्हणाले ना? तेच ते. जमलं नाही म्हणून मावशीकडे.

हळू होती गं फार. गोगलगाय म्हणायचो आम्ही तिला. मीच पाडलं ते नाव. रागवायची नाही, उलट सकाळी आत शिरताना स्वतःच म्हणायची, "आजी, गोगलगाय आली बरं का." सगळे हसायचे. माझा लेक तेवढा हसायचा नाही. तो घड्याळाकडे बघायचा. वाईट नाही तो, तू तसं समजू नकोस — पण दुपारच्या गाडीला माल चढला पाहिजे म्हणजे चढला पाहिजे, आणि त्याचा नियम एकच, आठ दिवसांत वेग आला नाही तर कागद नाही, दार तिकडे. सातव्या दिवशी ती पोर मागच्या नळाशी उभी राहून रडत होती. घरी सांगून बसली होती ना, कागद झाला म्हणून! आधीच सांगून टाकलं होतं वेडीनं. आता काय तोंड घेऊन जाऊ, आजी, म्हणाली. मला बघवेना. कोणाला बघवेल? तुला बघवलं असतं?

मग शिकवलं मी. काय म्हणजे, सगळेच करतात, यात लपवायचं काय आहे. मशीन जुनी आहे आमची. तिला दोन बटणं — एक या टोकाला, एक त्या टोकाला, मध्ये हातभर अंतर. दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं. का? तर दोन्ही हात बटणांवर राहावेत, पात्याखाली जाऊ नयेत. बनवणारा शहाणाच होता. पण मग थप्पी धरणार कोण? कागद सरकतो गं. सरकला की वाकडा कापला जातो, वाकडा कापला की पुन्हा जुळवा, पुन्हा दाबा, आणि घड्याळ काही थांबत नाही. म्हणून डाव्या बटणात एक पाचर घालायची. एवढीशी, अंगठ्याएवढी, लाकडाची. बटण दाबलेलंच राहतं. मग डावा हात मोकळा — थप्पी धर, उजव्यानं दाब, काढ, दुसरी घाल. दुपटीनं काम होतं. माझ्या हातच्या पाचरी चांगल्या बसतात, निसटत नाहीत. मी इथं बसल्या बसल्या तासते, या चाकूनं. एक तिला दिली. दुसऱ्या दिवशी माझा लेक म्हणाला, अरे वा, गोगलगायीला पाय फुटले! झाला तिचा कागद. खूश होती पोर. मला म्हणाली, आजी, तुमच्यामुळे.

बारा दिवस चाललं सगळं नीट. बारा. मी मोजलेत.

पाणी पितेस का? तोंड असं काय झालं तुझं? अगं, नंतर सरकारी साहेब येऊन गेले ना तपासणीला, सगळं नीट झालं, कागदावर आहे सगळं. शिकाऊ मुलीनं स्वतःच्या मनानं पाचर घातली, मालकाला ठाऊक नव्हतं. मी अंगठा दिला त्यावर. वाचून दाखवलं होतं मला, मोठ्यानं, दोनदा. आणि पाचर काही कोणाला सापडली नाही. कशी सापडेल, मी काढली होती ना — आधी ती काढली. मग पोरीला धरलं. नाही... म्हणजे एकदमच. एकदमच केलं असेल. नाही गं, आधी पाचर. एवढं आठवतं मला. ती उभी होती, अजून ओरडलीसुद्धा नव्हती, नुसती बघत होती कागदाकडे — पांढरा कागद होता, मुलांच्या वह्यांचा — आणि मी तिच्या अंगावरून वाकून बटणातली पाचर उपसली आणि कमरेला खोचली. लेकाचा कारखाना, दुसरं काय सुचणार? चाळीस वर्षांत हातांना काम आधी आणि माणूस नंतर, अशी सवयच लागते. चार बोटं. अंगठा राहिला. पत्र येतं कधी कधी तिचं, डाव्या हातानंच लिहायची ती, आता उजव्यानं लिहिते म्हणे. मला कोणी वाचून दाखवत नाही.

नाही, तुझी पोर हळू नाही. म्हणजे काल होती थोडी. काल संध्याकाळी माझा लेक बोलला तिला, तुला सांगितलं नसेल तिनं. डोळे भरून आले होते. आणि आज आठवा दिवस, आज तू येणार सहीला — मला वाटलं, हिचा कागद अडायला नको. चांगली पोर आहे. तर सकाळी म्हटलं, ये इकडे, हात पुढं कर—

कुठं निघालीस? बस. अगं बस, सकाळपासून चाललंय तिचं, काही झालेलं नाही, ऐक, मशीनचा आवाज कसा एका लयीत येतोय. मी आधी सांगत नव्हते, तूच खोदून विचारलंस. दार ढकलू नकोस. आणि हाक — अगं बाई, तिचं नाव घेऊन हाक मारू नकोस! तोंडावर हात ठेव. मशीनवरच्या माणसाला हाक मारायची नसते, हे इथं मला सगळ्यांत जास्त ठाऊक आहे. मी मारली होती. इथूनच, याच जागेवरून. काही काम नव्हतं गं, उगीच, गंमत म्हणून — "ए गोगलगाय, जागी आहेस का?" सगळे हसले. तीही हसली. हसत हसत माझ्याकडे वळून बघितलं तिनं, आणि उजवा हात आपला सवयीनं—

मागं हो दारातून. सावली पडतेय काचेवर तुझी. तिनं मान वर केली बघ. हसू नकोस तिच्याकडे बघून, हात हलवू नकोस, काही करू नकोस.

गप. एकदम गप.