दोन अळणी ताटं

मंडळी, वामनरावांच्या शोकसभेत बोलायला मला उभं केलंत. दुःख आहेच. त्याहून जास्त, इथे आल्यापासून जे कानावर पडतंय, त्याची शिसारी आली आहे.

आत्ताच मागून कोणी म्हणालं, "बायकोनं अळणी चारूचारू माणूस मारला." कोण ते? उभे राहा. बरं, आता माझं ऐका.

मी वामनरावांचा शेजारी. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय. मीठ, तूप, तंबाखू बंद, रोज पायी फिरा. त्या दिवसापासून कमलवहिनींनी स्वतःचंही ताट अळणी केलं. मी विचारलं, "वहिनी, तुमाले काय झालं?" म्हणाल्या, "एकट्याले अळणी घास उतरत नाही, भाऊजी." त्यांनी तंबाखू सोडली, वहिनींनी मिसरी सोडली. सकाळी दोघं शकुंतला रेल्वेच्या रुळाकडेने चालायची. आणि तुम्ही ओट्यावरून हसायचे, "बायकोच्या मागं मागं फिरून राहिला पाहा!"

मग त्यांच्या पुतणीचं लग्न आलं. पंगतीत वामनरावांनी पानावर हात आडवा धरला. व्याही म्हणाले, "माह्या गळ्याची आन, एक रोडगा घ्याच." निखाऱ्यावर भाजलेल्या त्या कणकेच्या गोळ्यावर बोटांच्या फटीतून तूप ओतलं. वर तर्रीची भाजी. वहिनी धावत आल्या, हात जोडले. भर मांडवात तुमच्यातल्याच कोणी त्यांना दटावलं, "शुभकार्यात अपशकुन नोको करू!" भिडस्त माणूस, जेवला. मग घराघराला मानपान सुचला. "तिथं जेवले, आमच्याकडं काहून नाही?" याला म्हणायचं प्रेम? थू! शेवटचं जेवणही तुमच्याच पंगतीतलं. आणि खापर कोणावर? वहिनींवर!

आता तेरवीला म्हणे त्यांच्या आवडीचे तुपातले रोडगे. त्यांची आवड विचारली कोणी? मला म्हणायचे, "गड्या, आता कुठं ज्वारीची चव कळून राहिली मले."

त्या पंगतीत मी बसणार नाही. मी आणि माझी बायको वहिनींजवळ जेवू. काल तिने त्यांना भाकर-वरण नेलं. ताटाकडे पाहून वहिनींनी एवढंच विचारलं, "मीठ नाही ना टाकलं?"

उठा आता. ज्या तोंडांनी आग्रह केला, ती वामनरावांसाठी दोन मिनिटं बंद ठेवा. आणि बाहेर गेल्यावर कमलवहिनींचं नाव निघालं, तर तेव्हाही बंदच ठेवा.