टिप कुणाची?

टिप ठेवायच्या आधी वेटरला काय विचारायचं, हे मला कांबळेताईंनी शिकवलं. मी तेव्हा बहरीनमध्ये, सीफच्या एका हॉटेलात वेटर होतो. नवीन मॅनेजर आले, खलीलसाहेब. पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले, "सबको पूरी सॅलरी की गॅरंटी. टिप उसी में गिनेंगे. कम पडी तो कंपनी देगी." आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या.

शुक्रवारी तुबलीहून कांबळेताई जेवायला आल्या, नेहमीचं गिऱ्हाईक. मी कौतुकानं सगळं सांगितलं. टिप ठेवता ठेवता त्या थांबल्या.

"म्हणजे भाऊ, मी दिनार ठेवला की कंपनीचा दिनार वाचणार?"

"हो."

"आणि नाही ठेवला तरी तुला तेवढाच पगार?"

"तेवढाच."

"मग मी टिप तुला देतेय की तुझ्या मालकाला?" दिनार पर्समध्ये परत गेला.

पुढच्या शुक्रवारी त्या चार टेबलं भरून मराठी मंडळी घेऊन आल्या. टिप कुणीच ठेवली नाही. प्रत्येक टेबलावर घरच्या चकल्यांची एकेक पिशवी ठेवून गेले. खलीलसाहेबांनी विचारलं, "ये क्या है?"

मी म्हणालो, "टिप है सर. सॅलरी में गिन लीजिए."

त्यांनी एक चकली मोडून खाल्ली. मग दुसरी. मला वाटलं, आपला व्हिसा खलास. तिसरी हातात घेऊन ते म्हणाले, "ठीक है. आज से टिप अलग, सॅलरी अलग. टिप स्टाफ की."

आम्ही खुशीत पिशव्या उचलायला गेलो, तर त्यांनी हात आडवा घातला.

"टिप स्टाफ की बोला. ये मॅनेजमेंट की."