रोटाव्हेटरचा बोल्ट

तुम्ही मला इंजिनियर म्हणून चिडवता ना, म्हणूनच हे आजवर सांगितलं नव्हतं.

परीक्षा पास झाल्यावर अहमदपूरजवळ मामाकडे गेले. भाची इंजिनियर झाली, हे मामानं गावभर सांगून ठेवलेलं. ट्रॅक्टरमागं जोडून माती भुसभुशीत करायच्या त्याच्या रोटाव्हेटरचं पातं बदलायचं होतं आणि एक बोल्ट गंजून बसला होता.

"थांब माय, शेजारून रिंग पाना आणतो."

"कशाला मामा? हा स्क्रू पाना कोणत्याही मापाला बसतो की."

मी सगळा जोर लावला. पाना खटकन सटकला, मी तोल जाऊन मागं पडले आणि बोल्टचे कोपरे झिजून तो पार गोल झाला. मग रिंग पानाही त्याला धरेना.

शेवटी मेस्त्री बोलवावा लागला. बोल्ट बघून तो म्हणाला, "कोण्या अडाण्यानं इथं स्क्रू पाना लावला?"



"मीच," मामा म्हणाला. "घाईत होतो."

मेस्त्रीनं छिन्नी काढली. "घरात इंजिनियर पोरगी आलीय नं, मालक? हात लावायच्या आधी तिला तरी विचारायचं."

"हाव, चुकलंच माझं."

मी चहा टाकायला आत गेले, ती मेस्त्री जाईपर्यंत बाहेर आलेच नाही. चहा मामानंच नेऊन दिला.