न वाचता दाबलेला वाय

दमलोय रे, आधी चहा दे. केंदूरच्या एका दूध डेअरीत नवा कॉम्प्युटर बसवायला गेलो होतो. त्यावरचं लिनक्स चौसष्ट बिटचं, आणि दुधाचं फॅट दाखवणारा त्यांचा जुना प्रोग्रॅम बत्तीस बिटचा. तो चालायला बत्तीस बिटची पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे सुटे भाग, वेगळी टाकावी लागतात. चार तास तेच करत होतो. एक टाकलं की दुसरं अडायचं. शेवटी स्क्रीनवर भलीमोठी यादी आली, खाली प्रश्न: पुढे जायचं का? हो असेल तर वाय दाबा. शेजारी बसलेले डेअरीचे सेक्रेटरी, आप्पा, म्हणाले, "काय लिवलंय त्यात?"

"काही नाही आप्पा, नेहमीचंच असतं," म्हणालो आणि वाय दाबून मोकळा झालो.

ती यादी काढून टाकायच्या पॅकेजांची होती. अख्खा डेस्कटॉप उडाला, नुसती काळी स्क्रीन उरली. बाहेर संध्याकाळच्या दुधाचे कॅन यायला लागले होते.

आप्पा उठले आणि कपाटामागून पोत्यात गुंडाळलेला जुना कॉम्प्युटर काढला.

"हा भंगारात घाला म्हणालो होतो ना मी?"

"घालनारच व्हतो," आप्पा म्हणाले. "पर नवा तुम्हीच बसवनार हाय म्हणल्यावर ठिवला."