राक्षस संपेपर्यंत

दंतवैद्याच्या दाराबाहेर पोस्टमास्तर दाढ धरून बसले होते. दाढ कामातून गेली असली तरी कान शाबूत होते, आणि शेजारच्या बाकावर एक सासू-सून बसल्या होत्या.

“आई, त्या कोरियन मालिकेचा दुसरा सीझन अगदीच भिकार निघाला. जगबुडी आलीय आणि राक्षस रडत बसलाय!”

“रडेल नाही तर काय! मागच्या सीझनला अख्खं शहर खाऊन बसला. आता खायला उरलंय कोण?”

“सात भागांत एक माणूस खाल्ला. तोही अर्धा.”

“वय झालं असेल गं त्याचं.”

“आज शेवटचा भाग बघून टाकू. मालिका संपली की आम्ही नव्या घरी जायचं, असं ठरलंय ना आपलं?”

“ठरलंय की. पण मला काही म्हणजे काही कळलेलं नाही. मी पुन्हा पहिल्यापासून बघणार.”

“पहिल्या सीझनपासून?”

“आणि तू नसलीस तर घाबरल्यावर हात कुणाचा धरू?”

आतून पोस्टमास्तरांना हाक आली. त्यांनी मागच्या माणसाला पुढे धाडलं.

“आई, या राक्षसाला कोण घाबरतं?”

“मी. आठव्या भागात तर फारच घाबरणार आहे.”

“बरं. पहिल्यापासून बघू.”

“अगं, पण तुमची खोकी बांधून झालीत ना?”

“असू देत. बघताना पाय ठेवायला बरी पडतील.”